कमरेएवढी आग

माझ्या चित्राला बक्षीस मिळालं ते आयुष्यात एकदाच, आणि तेही मिळालं नसतं तर बरं झालं असतं. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही. नम्रपणा माझ्या अंगात फारसा नाही आणि अकरावीत असताना तर मुळीच नव्हता. वहीच्या शेवटच्या पानावर मी वर्गातल्या पोरींची तोंडं काढायचे, आणि जिचं तोंड काढायचं राहिलं ती दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही. चेहरा मला हमखास जमायचा. बाकी हात, पाय, झाडं, बैल, सगळं बेताचंच होतं. पुढे जे झालं त्यात या चेहरा जमण्याचा वाटा मोठा आहे.

आम्ही बालाघाटचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दारात उभं राहून बोलायचं असलं की दोन्हींची खिचडी. वडील भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि ते पाणी काळं निघायचं. शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी जेव्हा सांगितलं की हवामान बदलावर तरुणांची चित्रकला स्पर्धा आहे, विषय 'जलवायु परिवर्तन और मेरा परिवेश', तेव्हा मला पहिल्यांदा ती बादलीच आठवली. मी घरी येऊन खाणीचं कच्चं चित्र काढलंसुद्धा. वडिलांनी ते चहा पिता पिता पाहिलं.

"खाणीचं नोको काढू बाई," ते म्हणाले. "कॉलनीतले लोकं पाह्यतीन. उद्या मलेच विचारतीन. दुसऱ्या कोणाचं काढ."

त्यांचं म्हणणं मला पटलं. म्हणजे राग आला, पण पटलं. ज्या खाणीवर आमचं घर चालतं तिचं चित्र काढून भोपाळला पाठवण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती. मग माझ्यावर रागावणार नाही असं कोण आहे, याचा मी विचार केला. तेव्हा मला हा विचार असा स्पष्ट सुचला नव्हता. आज मागे वळून पाहते तेव्हा दिसतं की मी नेमकं तेच केलं.

मोठी माय म्हणजे आईची मोठी बहीण. लांजीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात ती एकटी राहते. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, माझ्या लहानपणीच गेले. मूलबाळ नाही. टीचभर शेत आहे, त्यात पावसाळ्यात धान होतं. बाकीचं सगळं वर्ष तिचं एका मोहाच्या झाडावर चालायचं. मार्चमध्ये झाडाखाली मोहफुलं पडतात ती वेचायची, अंगणात वाळवायची, थोडी घरी ठेवायची आणि बाकीची बाजारात द्यायची. लुगडं, तेल, मीठ, डॉक्टर, आमच्यासाठी आणायचा खाऊ, सगळं त्या एका झाडातून निघायचं.

आता एक गोष्ट नीट सांगावी लागेल, कारण तेव्हा ती सांगायची राहिली आणि तिथंच सगळं बिघडलं. मोहाची झाडं जंगलात आहेत, म्हणजे सरकारची आहेत. पण गावात प्रत्येक झाड कोणाचं तरी असतं. त्याचा कागद नसतो. फेब्रुवारीत पानगळ झाली की जी बाई झाडाखालचा पाला खराट्यानं ओढते आणि झाडाच्या विस्ताराएवढा गोल करून तो जाळते, तिचं ते झाड. पाला जळून गेला की जमीन स्वच्छ होते, काळी होते, आणि त्यावर पडलेलं पिवळसर फूल पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसतं. तो काळा गोल पाहिला की दुसरी बाई तिथं टोपली घेऊन जात नाही. एखाद्या वर्षी गोल पडला नाही तर समजायचं की त्या घरानं झाड सोडलं, आणि मग ते दुसरं कोणीतरी घेतं. यावरून गावात कधी भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही. मोठी माय त्या गोलाला पट्टा म्हणायची. पटवाऱ्यानं दिलेल्या जमिनीच्या कागदाला जो शब्द आहे तोच.

आग म्हणजे तरी किती? घोट्याएवढी. पाला तडतडतो, आगीची एक ओळ सरपटत पुढे जाते, आणि मोठी माय हातात हिरवी डहाळी घेऊन तिच्या भोवती फिरत राहते. ओळ गोलाच्या बाहेर निघाली की डहाळीनं झोडपून विझवायची. शेवटचा धूर विरेपर्यंत ती तिथून हलत नसे. जंगलात आगी लागतात, माणसांच्या हातूनच लागतात, हे मला ठाऊक आहे आणि मी ते नाकारत नाही. मोठ्या मायच्या हातून कधी लागली नव्हती.

त्या वर्षी मी तिच्याकडे दोनदा गेले. एकदा फेब्रुवारीत, ती पाला जाळत होती तेव्हा, आणि एकदा मार्चमध्ये. त्याआधीच्या काही वर्षांत मोहाचं गणित बिघडलं होतं. ऐन फुलांच्या दिवसांत आठवडाभर ढग बसायचे. ढग असले की फूल गळत नाही, आणि गळलं तर काळं पडतं. कधी गारा यायच्या आणि कळ्याच झडून जायच्या. मार्चमध्ये मी तिच्याबरोबर पहाटे गेले तर तो एवढा मोठा स्वच्छ गोल, आणि त्यात मूठभर फुलं. ती उकिडवी बसली होती, टोपलीचा तळ दिसत होता, आणि ती एकेक फूल असं उचलत होती जणू ते दुखेल. मला वाटलं, हेच चित्र. हवामान बदल वगैरे जे पुस्तकात आहे ते हे आहे.

मी वही काढली तर ती हसायला लागली.

"मले काहून काढतं? झाडाले काढ नं."

"झाड पण काढते. तू उभी राहा."

"असा शर्ट घालून?"

ती साडीवर मोठ्या बाबांचा चौकड्यांचा फुलबाह्यांचा शर्ट घालायची. जंगलात काटे ओरबाडतात म्हणून आमच्याकडच्या पुष्कळ बायका घालतात. मी म्हटलं, शर्ट असू दे, तोच चांगला आहे. मग ती खराटा डाव्या हातात धरून उभी राहिली. ती डावखुरी आहे. अर्धा तास अजिबात हलली नाही, आणि परत येताना वाटेत जी भेटली तिला सांगत आली, "माही पोरगी माहा फोटो काढून राह्यली. हातानं. भोपाळले जाणार आहे."

पहिलं चित्र मी मनापासून केलं. मध्ये मोठी माय, पायाखाली काळा गोल, कमरेवर रिकामी टोपली, आणि गोलाच्या कडेला आगीची बारीक ओळ. जाळणं आणि वेचणं एका दिवशी होत नाही, पण चित्रात दोन्ही एकत्र आणता येतं म्हणून आणलं. सरांना दाखवलं. सर भले माणूस होते, माझे रंग त्यांनी स्वतः आणून दिले होते. त्यांनी चित्र हातभर लांब धरलं.

"बेटा, इसमें क्लाइमेट कहाँ है? एक औरत खड़ी है, बस. जज के पास एक चित्र के लिए आधा मिनट होता है. गरमी दिखनी चाहिए, एकदम आँख में आनी चाहिए."

मी घरी आले आणि एका दुपारीत आग मोठी केली.

हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते दुसऱ्या कोणाचं वाटतं. आग काढायला फार सोपी असते. पिवळा, केशरी, लाल, वरच्या टोकाला थोडा काळा, आणि ब्रश नुसता वर ओढायचा. मजा येते. घोट्याची आग गुडघ्यापर्यंत गेली, गुडघ्याची कमरेपर्यंत. मग खालून उजेड आला म्हणून चेहऱ्यावरच्या सावल्या बदलाव्या लागल्या. खालून उजेड पडला की कोणाचाही चेहरा कठोर दिसतो. मला ते दिसलं. मोठ्या मायचे डोळे होते, तिची हनुवटी होती, हनुवटीवरचं गोंदण होतं, पण ती असं कोणाकडे कधी पाहत नाही. तरी मी तो चेहरा तसाच ठेवला, कारण चित्र आता कागदावरून उठून येत होतं. टोपली ज्वाळांच्या मागे अर्धी झाकली गेली. तीही मी तशीच ठेवली.

फॉर्मवर 'चित्र के बारे में' असा एक रकाना होता. सरांनी सांगितलं ते मी लिहिलं, 'बढ़ते तापमान से झुलसता जंगल'. काळ्या गोलाबद्दल, पट्ट्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. विसरले नव्हते. लिहायचं असतं हेच मला सुचलं नाही. पोळी तव्यावर भाजतात हे कोणी चित्राखाली लिहितं का? मोहाखाली पाला जाळतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे असंच मी धरून चालले होते. माझं जग लांजीपासून बालाघाटपर्यंतच होतं हे मला भोपाळला जाऊन कळलं.

जूनमध्ये स्पर्धेचा निकाल लागला. वडिलांनी रजा काढली, नवा शर्ट घेतला, आणि आम्ही भोपाळला गेलो. थंड हॉल, पांढऱ्या भिंती, प्रत्येक चित्रावर वेगळा दिवा. माझं चित्र शिरल्या-शिरल्या समोर लावलं होतं. इतकी सुंदर मी स्वतःला कधी वाटले नव्हते. हो, स्वतःलाच. चित्राकडे पाहून मला तसं वाटलं. परीक्षकांपैकी एक बाई माझ्याजवळ आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"ये लोग समझते ही नहीं कि अपना ही घर जला रहे हैं," त्या म्हणाल्या. "और तुमने अपने ही गाँव के बारे में इतनी हिम्मत से दिखाया."

आधी मला कळलंच नाही कोणाबद्दल बोलत आहेत. मग कळलं. मी तोंड उघडलं असतं तर एका मिनिटात सांगून झालं असतं की मॅडम, ती जंगल जाळत नाही, ती स्वतःच्या झाडाखाली झाडते, आणि खरी आग एवढीशीच असते, ही मी वाढवली. पण वाढवली असं सांगितलं तर बक्षीस? आणि वडील समोर उभे, नव्या शर्टात, डोळे भरलेले. मी म्हटलं, "थैंक यू मैम." फोटो काढले. फोटोत मी हसते आहे.

रात्री लॉजवरून मोठ्या मायला फोन लावला.

"लागला काय माहा फोटो?"

"हौ, मोठी माय. पहिला नंबर."

"शर्ट दिसते काय?"

"दिसतो."

"अवो माय! सांगतलं असतं तं चांगलं लुगडं नेसली असती."

मी तिला बाकी काही सांगितलं नाही.

फॉर्मवर आणखी एक ओळ होती, की चित्राचा वापर जनजागृतीसाठी करता येईल. खाली वडिलांची सही होती. पुढच्या वर्षी जानेवारी संपता संपता जंगलाकाठच्या गावांच्या तोंडाशी स्पर्धावाल्यांनी माझ्या चित्राचे फ्लेक्स लावले. चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं होतं. झाड गेलं होतं, टोपली गेली होती. उरली होती आग आणि मोठी माय. खाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: 'धरती जल रही है. यह आग किसने लगाई?'

कापलं त्यांनी, हे खरं. पण मी घोट्याएवढी आग काढली असती तर त्यांना कापून काहीच हाती लागलं नसतं.

मोठ्या मायला वाचता येत नाही. गावाच्या वेशीवर आपला माणसापेक्षा मोठा फोटो पाहून ती हरखून गेली. दोन दिवस ती लोकांना बोलावून-बोलावून दाखवत होती. सकाळी जाऊन पदरानं धूळ पुसायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या एका शाळकरी पोरीनं तिला अक्षरं वाचून दाखवली. पोरीला वाटलं तिला ठाऊक असेल. हे सगळं मला आईकडून कळलं, आणि आईनं सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी रविवारच्या पहिल्या बसनं गेले. मनात शंभर गोष्टी जुळवल्या होत्या. मोठी माय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला पाणी दिलं, बस म्हणाली, घरच्यांची विचारपूस केली. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते आणि मोकळी झाले असते. तिनं मला तेवढीही सोय दिली नाही. तांदळातला खडा बाजूला टाकत तिनं विचारलं.

"एवढी होते काय आग? मले तं कधी दिसली नाई."

"नाही गं. मी मोठी काढली."

"काहून?"

काय सांगणार? चांगली दिसत होती म्हणून? मी म्हटलं, "सरांनी सांगितलं." सरांवर ढकललं. तिनं मान हलवली आणि पुन्हा तांदळाकडे पाहिलं.

"शिकलेला माणूस हाय. त्याले दिसत असन," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात गावात बैठक झाली. जंगलाचा नाकेदार, म्हणजे त्या भागाचा गार्ड, सांगून गेला की यंदा कोणी पाला जाळायचा नाही. तसं तो दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी बायका हौ म्हणत आणि जाळत. तो काही वाईट माणूस नव्हता. जाता जाता त्यानं गंमत केली, "अम्मा, तुम तो मत ही लगाना. तुम्हारी तो फोटो लगी है." सगळे हसले. मोठी मायसुद्धा हसली असं म्हणतात.

बाकीच्या बायकांनी जाळलं. नाकेदार जेवायला गेला की दुपारच्या उन्हात, घाईघाईत, डहाळी न घेता. एकीची आग निसटून वर टेकडीकडे गेली आणि गावाला पूर्ण दिवस विझवावी लागली. आमच्या माहितीत त्या गावात असं पहिल्यांदाच झालं. मोठ्या मायनं काडी ओढलीच नाही. मी तिला म्हटलं, नुसतं झाडून घेऊ, जाळायला नको. आम्ही दोघींनी दिवसभर पाला ओढला. संध्याकाळी वारा सुटला आणि सकाळपर्यंत तेवढाच पाला परत आला. फुलं पडली ती पाल्यात पडली, सापडली ती थोडी, उरलेली गुरांनी खाल्ली. आणि जमिनीवर काळा गोल नव्हता. गावानं पाहिलं की यंदा मोठ्या मायचा पट्टा पडला नाही.

मी जे केलं तेही सांगते, म्हणजे काहीच केलं नाही असं कोणाला वाटायला नको, आणि त्याचा काय उपयोग झाला तेही कळेल. फॉर्मवरच्या नंबरावर फोन केला. पलीकडचा माणूस फार आनंदानं बोलला. म्हणाला, बहुत अच्छा रिस्पॉन्स है, और भी जगह लगाने वाले हैं. मी पत्र लिहिलं, चार पानी, त्यात सगळं सांगितलं, गोल, पट्टा, घोट्याएवढी आग. उत्तर आलं नाही. मग मी ब्रश आणि रंग घेऊन गेले. मला आग परत लहान करायची होती. पोस्टर कलर फ्लेक्सवर बसत नाही, त्याचे थेंब होऊन ओघळतात, हे मला तिथं कळलं. मग लांजीहून ऑइल पेंट आणला. ज्वाळांवर काळा रंग चढवला तर जंगल आधीच जळून कोळसा झाल्यासारखं दिसायला लागलं आणि त्यात मोठ्या मायचा चेहरा आणखी भयानक. चेहरा दुरुस्त करायला गेले तर तोही फिसकटला. ती मागे उभी राहून पाहत होती.

"राहू दे माय," ती म्हणाली. "हात खराब होऊन राह्यले तुहे."

पुढच्या फेब्रुवारीत शेजारची एक सून मोठ्या मायकडे येऊन नीट विचारून गेली, "मोठी माय, तुमी ते झाड सोडलं नं?" मोठी माय म्हणाली, "हौ." दुसऱ्या दिवशी झाडाखाली गोल पडला. त्या सुनेचा मला राग नाही. तिनं रीत पाळली. झाड रिकामं ठेवणं आमच्याकडे चांगलं समजत नाहीत.

तेव्हापासून मोठी माय आमच्याकडून थोडं घेते, कधी कोणाच्या शेतात मजुरीनं रोवणी-कापणीला जाते, पण तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. आईनं म्हटलं बालाघाटला येऊन राहा. ती आली, आठ दिवस राहिली, परत गेली. मी कॉलेजात आहे. चित्र काढणं सोडलं असं सांगितलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं, पण मी सोडलेलं नाही. चेहरे काढत नाही, एवढंच. कोणी विचारलं तर म्हणते की जमत नाहीत.

गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. उन्हाळा असा होता की दुपारी गावात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. विहीर तळाला गेली होती. बसमध्ये एक म्हातारा उन्हानं पडला म्हणून बस अर्धा तास थांबली. मोठ्या मायच्या घरात पंखा नाही. ती दाराच्या सावलीत ओलं फडकं डोक्यावर ठेवून बसली होती. जेवायला तिनं सकाळचा भात आणि कांदा दिला. मी म्हटलं, चहा तरी करू. तर ती म्हणाली, नोको, आता चूल एकदाच पेटवत असतो, पहाटे. मला वाटलं लाकूड संपलं असेल. लाकूड होतं. भिंतीला लागून रचलेलं होतं.

मग तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता, जणू कोणी ऐकेल. आसपास कोणी नव्हतं.

"तू शिकून राह्यली नं. मले एक सांग. दोन वर्स झाले, मी काडी लावली नाई. चूल बी एकच टाइम पेटवतो. तरी काहून तापून राह्यलं?"

मला कळायला वेळ लागला. तिनं त्या फ्लेक्सवरच्या प्रश्नाचं उत्तर 'मी' असं दिलं होतं. दोन वर्षं ती त्या उत्तराची शिक्षा भोगत होती, आणि कोणाला बोलली नव्हती. ढग, गारा, तळाला गेलेली विहीर, बसमध्ये पडलेला म्हातारा, हे सगळं तिनं आपल्या नावावर घेतलं होतं. मी तिला सांगायला हवं होतं की तुझ्या त्या मूठभर पाल्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. की ज्यांनी हे केलं त्यांनी तुला कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाहीत. की तू रोज वणवा पेटवला असतास तरी इतकं तापलं नसतं, आणि आयुष्यभर काडी ओढली नाहीस तरी कमी होणार नाही. पण ते शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ती इतक्या आशेनं पाहत होती. दोन वर्षांचा तिचा उपास फुकट गेला असं तिच्या तोंडावर कसं म्हणणार?

मी म्हटलं, "होईल कमी. थोडा वेळ लागतो, मोठी माय."

तिच्या जिवाला बरं वाटलं, ते दिसलं मला. तिनं डोक्यावरचं फडकं काढलं, पाण्यात बुडवून पिळलं आणि पुन्हा ठेवलं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "अजून एक वर्स नाई लावत."